नऊ वर्षं पास होणारी टेस्ट

येलहंका, बेंगळूर
गुरुवार, संध्याकाळ

तीर्थरूप विठाआत्या,

इथूनच वाकून नमस्कार करतो. (प्रत्यक्षात वाकलो की कंबर धरते, त्यामुळे पत्रातला नमस्कार नेहमीपेक्षा जास्त खाली गेला आहे असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं आणि तू तिसऱ्याच दिवशी गच्चीवर सांडगे घालायला गेलीस, ही बातमी बेळगावाहून इथपर्यंत आलेली आहे. कोणी सांगितली ते विचारू नकोस. स्मिता मजेत आहे. मी अंगाने बरा आहे. मनाने बरा नाही, आणि का नाही हे फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर तू मधेच 'मग तू काय म्हणालास?' असं विचारतेस आणि मी जे म्हणालेलो असतो ते सांगण्यासारखं नसतं. म्हणून पत्र.

तुलाच का, तर विषय मत्सराचा आहे. समोरच्या चंद्राबाईंकडे पितळी कड्यांचा झोपाळा आला तेव्हा तू रस्त्याकडची खिडकी आठ दिवस उघडली नव्हतीस आणि 'धूळ येते' म्हणून सांगितलं होतंस. मी तेव्हा नववीत होतो. मला धूळ दिसली नाही, पण तुझं दुःख दिसलं. घरात दुसऱ्या कोणाला ते कळलं असेल असं मला वाटत नाही. तर आता माझ्याही समोर तसं काहीतरी येऊन बसलं आहे. तिचं नाव स्वानंदी. वय पंचवीस, गाव नागपूर.

आधी माझं काम सांगतो. तू सगळ्यांना 'आमचा पद्मनाभ कंप्युटर तपासतो' असं सांगतेस, ते फारसं चुकीचं नाही. आमचं ऑफिस पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत आहे. खाली लेथ मशिनं, वर आम्ही. त्यामुळे दिवसभर टेबल बारीक थरथरतं आणि चहावर वर्तुळं उठतात. आम्ही फाईल सर्व्हर बनवतो. म्हणजे दवाखान्याचे, शाळेचे, कारखान्याचे सगळे कागद एका मोठ्या कंप्युटरात ठेवायचे, आणि कोणी कोणता कागद बघायचा हे त्याने सांभाळायचं. चंदन नावाचे आमचे प्रोग्रामर आहेत (मंड्याचे, सज्जन, मान वर करताना मी त्यांना वर्षातून दोनदा बघतो), ते कोड लिहितात. मी तो तपासतो. आणि भाग्यलक्ष्मी मॅडम आम्हा दोघांना तपासतात. नऊ वर्षं माझ्या 'पास'शिवाय आमची एकही नवी आवृत्ती बाहेर गेलेली नाही. (हे वाक्य लिहून मी परत वाचलं. बरं वाटलं.)

माझ्या टेस्टांमध्ये एक्केचाळीस नंबरची टेस्ट माझी लाडकी. ती काय बघते, तर प्रत्येक चालू प्रोग्रामजवळ एक मनाई असते. त्याला आमच्यात युमास्क म्हणतात, पण आपण मनाईच म्हणू. प्रोग्रामने नवी फाईल केली की ती कोणी उघडायची नाही हे त्या मनाईवरून ठरतं. साधी मनाई म्हणजे सगळ्यांनी वाचा, पण हात लावू नका. कडक मनाई म्हणजे मालकाखेरीज कोणी बघायचंही नाही. आता आमच्या सर्व्हरला नवं फोल्डर करताना अडचण येते, म्हणून तो क्षणभर ही मनाई उठवतो, फोल्डर करतो, आणि मनाई होती तशी परत लावतो. ती 'होती तशी' लागली पाहिजे. नाहीतर एखाद्या पेशंटचे रिपोर्ट दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचे. माझी टेस्ट आधीची मनाई लिहून घेते, सर्व्हरला फोल्डर करायला लावते आणि नंतरची मनाई बघते. दोन्ही सारख्या असल्या की पास. नऊ वर्षं पास. मी तिचा निकाल बघायचंसुद्धा सोडून दिलं होतं, जसं आपण घरातल्या माणसाला 'आलास का?' विचारतो आणि उत्तराची वाट बघत नाही.

स्वानंदी आली दोन महिन्यांपूर्वी. मॅडमनी तिला माझ्या हाताखाली दिलं, म्हणून पहिले आठ दिवस मी खुशीत होतो. मग कन्नडचा प्रकार सुरू झाला. मी बेळगावात जन्मलो, मला मराठी आणि कन्नड बरोबरच फुटली, आणि तरी गेली नऊ वर्षं मी होय म्हणायला 'हौद्री' म्हटलं की इथली माणसं गालात हसतात, कारण माझी कन्नड उत्तरेची, म्हणजे त्यांच्या दृष्टीने तालमीतली. आणि या मुलीने तिसऱ्या आठवड्यात खालच्या टपरीवर 'अण्णा, सक्करे स्वल्प कम्मी' एवढं, म्हणजे साखर जरा कमी, म्हटलं, तर टपरीवाल्या शिवाप्पाने कौतुकाने तिच्या बशीत एक बिस्कीट जास्त ठेवलं. नऊ वर्षं मी तिथे चहा पितो आहे. मला आजवर बिस्कीट तर सोडच, पण कप भरून आलेला आठवत नाही. डब्याचंही तेच. ती डबा उघडताना 'सर, घ्या ना' म्हणते. आता हाताखालच्या माणसाच्या डब्यातलं लगेच घेणं बरं दिसत नाही, म्हणून मी 'नको नको' म्हणतो. दुसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं, ही आपली पद्धत. नागपूरकडे बहुधा दुसऱ्यांदा विचारत नाहीत. त्या दिवशी पाटवडी होती. ती सगळी चंदननी खाल्ली, मान वर न करता.

मी घरी काही बोललो नाही. (बोललो, पण स्मिता म्हणाली की ती मुलगी चांगली दिसते, तिला एकदा जेवायला बोलाव. त्यानंतर बोललो नाही.) मनातलं कुठेतरी काढायला पाहिजे म्हणून ऑफिसच्या सर्व्हरवर, माझ्या खात्यात, 'नोंदी' नावाची एक फाईल केली आणि दर वेळी लिहून झालं की तिच्यावर स्वतःच्या हाताने कडक मनाई लावत गेलो. मराठीतून लिहायचो. एक, अतिशय आगाऊ. दोन, हसते. तीन, शिवाप्पा आणि बिस्कीट. चार, पाटवडी. पाच, अमुक तारखेला उशिरा आली. अशा सतरा नोंदी झाल्या होत्या. वाईट वाटतं, पण खोटं कशाला सांगू, त्या काळात ऑफिसमध्ये तेवढं एकच काम मी मन लावून करत होतो.

गेल्या सोमवारी मीटिंगमध्ये तिने हात वर केला. (हात वर करण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती, तिने आणली. नोंद अकरा.) म्हणाली की एक्केचाळीस नंबरची टेस्ट आपण प्रत्येक वेळी साध्या मनाईवरूनच सुरू करतो. मी म्हटलं, मग? त्यावर ती म्हणाली, "सर, पंखा कायम दोनवर ठेवायचा आणि परत दोनवर आला का बघायचं, असं झालं हे. चारवर ठेवून कोणी बघितलंय का?"

चंदननी मान वर केली. वर्षातली तिसरी वेळ. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं की ही टेस्ट नऊ वर्षं पास होते आहे, तिला हात लावायची गरज नाही, आणि नव्या माणसांनी आधी जुनं शिकून घ्यावं. आत्या, हे बोलताना मला माझ्याच तोंडून आपल्या शाळेतले ते पीटीचे मास्तर ऐकू आले, ज्यांना स्वतःला कधी सूर्यनमस्कार घालताना कोणी बघितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, सरी, म्हणजे ठीक आहे, बघू नंतर. स्वानंदी 'ठीक आहे सर' म्हणून खाली बसली. चिडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवारी मी येलहंक्याहून पहाटेची पहिली बस धरली आणि साडेसातला ऑफिसात पोचलो. लेथसुद्धा सुरू झाली नव्हती. ठरवलं होतं की कोणी यायच्या आत आपणच पंखा चारवर ठेवून बघायचा, तो चारवरच आला की मीटिंगमध्ये गोड आवाजात सांगायचं, 'स्वानंदी, तुझ्या समाधानासाठी मी करून बघितलं हं.' तो 'हं' मी बसमध्ये दोनदा म्हणून बघितला होता. आमचा स्वतःचा ऑफिसचा सर्व्हर आमचाच माल आहे, तोच बंद करून कडक मनाईने परत सुरू केला आणि एक्केचाळीस चालवली.

नापास.

परत चालवली. परत नापास. मग चंदनचा कोड उघडला. मनाई उठवायच्या आधी ती किती होती हे त्यांनी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. काम झालं की सरळ साधी मनाई लावून मोकळे. आधी कडक असो की सैल, नंतर साधीच. आणि मी नऊ वर्षं साध्यापासून सुरू करून साधी आली म्हणून पास लिहीत होतो. मला घाम फुटला, आणि खरं सांगायचं तर तो दवाखान्यातल्या पेशंटांच्या काळजीचा नव्हता. ती बरोबर होती, या गोष्टीचा होता.

आता जे लिहितो ते फक्त तुझ्यासाठी. मी सापडलेल्या चुका कळवायचा फॉर्म उघडला आणि 'कोणी शोधली' या रकान्यात पद्मनाभ असं लिहिलं. पाठवायचं बटण तेवढं दाबलं नाही. मग मन हलकं करायला 'नोंदी' उघडली आणि अठरावी नोंद लिहिली: 'टेस्ट ४१ खरंच नापास. स्वानंदीचं बरोबर निघालं. तिला हे कसं सुचलं आणि मला का नाही? देवाने तिला पाटवडीसुद्धा करता येईल अशी बुद्धी द्यायला नको होती.' फाईल जतन केली, खाली उतरलो आणि शिवाप्पाकडे जाऊन अर्धा कप चहा मागितला. (पाऊण कप मिळाला. त्यावरूनही मला पुढची काही चाहूल लागली नाही.)

चहाचा शेवटचा घोट घशात असताना डोक्यात उजेड पडला. आमचा सर्व्हर जुनी फाईल जतन करताना तिची नवीन प्रत करतो. नवीन प्रतीला मनाई लागते ती सर्व्हरची, म्हणून तर एरवी मी हाताने कडक लावायचो; आज सर्व्हरच कडक आहे म्हणून लावली नव्हती. आणि सर्व्हरची कडक मनाई तर मघाशीच, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच टेस्टमध्ये गळून साधी झाली होती. साधी मनाई म्हणजे, सगळ्यांनी वाचा. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. वर पोचलो तर मॅडम लवकर आल्या होत्या. सर्व्हर मधेच कोणी बंद केला ते बघताना त्यांना एक्केचाळीस चालवल्याचं दिसलं, म्हणून त्यांनी तो आकडा सर्व्हरवर शोधला होता, आणि ऑफिसभरच्या उघड्या फायलींमधून त्यात माझी 'नोंदी' वर आली होती. आता मीटिंगच्या खोलीत भिंतीवर मोठ्या पडद्यावर ती लागलेली. चंदन बसलेले. स्वानंदी बसलेली. अठराच्या अठरा नोंदी, बाराखडीच्या तक्त्याएवढ्या अक्षरांत.

मॅडमचा गैरसमज असा की या माझ्या टेस्टच्या टिपा आहेत. त्या खूश होत्या, की पद्मनाभ घरून लवकर येऊन एवढं लिहून काम करतो. चंदन शाळेत हिंदी शिकलेले, त्यामुळे एकेक अक्षर लावून त्यांनी शोध लावला की यात स्वानंदीचं नाव नऊ वेळा आहे. का बरं? असं त्यांनी निर्मळ मनाने विचारलं. मॅडम म्हणाल्या, स्वानंदी, तुला मराठी येतं, वाचून दाखव, इंग्रजीत सांग म्हणजे आम्हालाही कळेल. मी दारातच उभा होतो. खाली लेथ सुरू झाली आणि माझे पाय कशाने थरथरत होते ते मला कळेना.

ती पडद्याकडे बघत राहिली. पहिल्या नोंदीपासून अठराव्यापर्यंत तिचे डोळे सावकाश खाली उतरले. मध्ये एकदा, चौथ्या नोंदीच्या आसपास, ओठ हलले. मग ती मॅडमकडे वळली आणि शांतपणे सांगायला लागली की सरांनी टेस्टचा सगळा विचार मांडलाय; टेस्ट निरनिराळ्या मनाईंवरून सुरू करायला हवी असं लिहिलंय; आज सकाळी कडक मनाईने चालवली आणि नापास झाली, ही शेवटची नोंद. 'आणि माझं नाव नऊदा आहे, कारण हे सगळं मला शिकवायचं म्हणून लिहिलंय.' एकही अडखळणं नाही. मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की गेल्या नऊ वर्षांत तसं बघितलं नव्हतं. चंदन उठून उभे राहिले आणि कोडातली चूक त्यांची आहे म्हणून माझी माफी मागायला लागले.

आत्या, जे मी सकाळी चोरून घेणार होतो ते तिने सगळ्यांसमोर माझ्या हातात आणून दिलं. घ्यायला काहीच अडचण नव्हती. मी खुर्चीत बसलोसुद्धा. पण ती माझ्याकडे बघतही नव्हती, वहीत काहीतरी लिहीत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. ते कान बघून मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मॅडम, हा शोध हिचा आहे. मी आज सकाळी फक्त ती चुकीची ठरावी म्हणून करून बघितलं."

मग मॅडमनी विचारलं, आणि या टिपा? मी म्हटलं, त्या खाजगी आहेत, मेहरबानी करून पडदा बंद करा. त्यांनी पडदा बंद केला. हुशार बाई आहेत, पुढे विचारलं नाही. चंदननी तासाभरात कोड सुधारला: मनाई उठवायच्या आधी जी असेल ती लिहून ठेवायची, आणि तीच परत लावायची. दोन ओळींचं काम. टेस्ट आता पाच वेगवेगळ्या मनाईंवरून सुरू होते. ती स्वानंदीने लिहिली, मी तपासली आणि मला तिच्यात एकही चूक सापडली नाही. दुपारभर शोधत होतो.

संध्याकाळी बसस्टॉपवर ती शेजारी येऊन उभी राहिली. मी माफी कशी मागावी याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, पाचवी नोंद चूक आहे. मी त्या दिवशी उशिरा नव्हते आले, तुम्ही लवकर आले होते."

मी विचारलं, बाकीच्या?

"बाकीच्या बरोबर आहेत," ती म्हणाली. मग बस येते का ते बघत म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्हाला बेसनाचं चालत नाही."

बस आली. तिची वेगळी, माझी वेगळी. मी खिडकीशी बसून जालहळ्ळीपर्यंत स्वतःला शिव्या दिल्या आणि तिथून पुढे परत तिचा मत्सर करायला लागलो, कारण मला जर कोणाबद्दल अशा अठरा नोंदी सापडल्या असत्या तर मी त्या मोठ्याने वाचल्या असत्या, हावभावांसकट. इतकं चांगलं वागायचं कोणी शिकवतं का माणसाला? घरी आल्यावर स्मिताला सगळं सांगितलं. ती हसता हसता ओट्याला टेकली आणि मग म्हणाली की रविवारी तिला जेवायला बोलाव, मी विचारत नाहीये, सांगते आहे. बोलावलं आहे.

बुधवारी, म्हणजे काल, मॅडमनी खरा घाव घातला. बेळगावातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात आमचा सर्व्हर बसवायचा आहे. बेळगावचं काम गेली नऊ वर्षं माझं. न विचारता माझं. वर्षातून एकदा कामाच्या निमित्ताने तुझ्याकडे आठ दिवस यायचं, हा माझा हक्क होता. मॅडम म्हणाल्या की मनाईची चूक जिने शोधली तिनेच दवाखान्यात जावं, तिथे पेशंटांचे रिपोर्ट आहेत. मी खरं बोललो नसतो तर मीच निघालो असतो. हे सांगून मी कोणाला उपदेश करत नाहीये. खरं बोलण्याचं काय होतं, ते एकदा तुला कळावं एवढंच.

तब्येतीला जप. जिना चढू नकोस. सांडगे झाले असतील तर झाले, आता गच्चीवरून आणायला दुसऱ्या कोणाला तरी पाठव.

तुझा,
पद्मनाभ

ता.क. – पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. स्वानंदी येत्या सोळा तारखेला बेळगावात पोचेल. दवाखान्याजवळचं लॉज बरं नाही, आणि एकटीने हॉटेलात जेवायचं तिच्या जिवावर येतं, हे ती मला बोलली नाही, काल फोनवर स्मिताला बोलली. तेव्हा आठ दिवस तिला आपल्याकडे राहू दे. पुढची खोली दे. 'आत्याने आग्रहाने बोलावलंय' असं मी तिला कालच सांगून टाकलं आहे, तरी आग्रह कर.

ता.क. दोन – तिला माझी कॉट दिलीस तरी चालेल. माझे लहानपणचे फोटो दाखवू नकोस. आणि जेवायला वाढताना तिला 'बाळ' म्हणू नकोस. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे हे मला माहीत आहे, तरी म्हणू नकोस.

ता.क. तीन – ती जर आपण होऊन म्हणाली की पद्मनाभसर चांगलं शिकवतात, तर तिचं वाक्य शब्दाला शब्द मला फोनवर सांग. म्हणाली नाही तर मुद्दाम विचारायला जाऊ नकोस. (एकदा विचार.)